गारठ्यातले पाहुणे

पंचाच्या ओठाला शिट्टी चिकटलीय. नॉर्म शॅक्टर त्याचं नाव. सामना सुरू करायला त्यानं धातूची शिट्टी फुंकली आणि काढायला गेला तर ओठाची साल तिच्यासोबत निघाली. रक्त आलं, पण ओघळायच्या आधीच गोठलं. इथून पुढं पंचमंडळी नुसती ओरडून सामना चालवणार आहेत.

तुम्ही सीमारेषेला उभे आहात. दोन स्वेटर, कानटोपी, मफलर, वरून सोलापुरी चादर. पायांत मात्र तेच कापडी बूट, कारण निघताना पायांचा विचार कोण करतो! तारीख ३१ डिसेंबर १९६७. गाव ग्रीन बे, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं. पारा उणे २५ अंश सेल्सिअस. आणि स्टेडियममध्ये पन्नास हजारांवर माणसं बसलीत, कुणी ब्लँकेट गुंडाळून, कुणी शिकारीच्या कपड्यांत. घरी कुणीच थांबलेलं दिसत नाही.

तुम्ही धाराशिवचे खो-खोवाले. पहाटे पोरी गोळा करून मैदानाला फेऱ्या मारायला लावणारे. तुमची थंडी म्हणजे बालाघाटच्या माळावरून डिसेंबरात येणारं बोचरं वारं. तेवढ्यातही कोकणातून आलेला संघ काकडतो, हे तुम्ही पाहत आलात. रात्री उशिरा एसटीतून उतरायचं, शाळेच्या वर्गात सतरंजीवर अंग टाकायचं, सकाळी गार पाण्यानं तोंड धुऊन थेट मैदानात. त्यांची पहिली तुकडी बघता बघता बाद होते. ऊन वर आलं की त्याच पोरी अशा हुलकावण्या देतात की तुमच्या पोरींचे सूर जमिनीवर आपटतात. संध्याकाळी सगळे एकच बोलतात, पाहुण्यांना थंडी बाधली. हे खरं किती, ते बघायला तुम्ही इतकं लांब आलात.

समोरचा फुटबॉल हातानं खेळायचा, लांबट चेंडूचा. मधल्या विश्रांतीत एक चेंडू तुमच्या पायाशी येतो. उचलून बघता तर वाळलेल्या नारळासारखा टणक. आणि तरी आतली हवा कमी झालेली. २० अंशांच्या खोलीत १३ पौंड दाबानं भरलेला चेंडू या हवेत आणला की दाब नऊच्या आसपास उतरतो. कातडं कडक, आत जीव नाही. लाथ मारणाऱ्याचा पाय दुखतो, चेंडू मात्र लांब जात नाही.

पाहुणे डॅलस काउबॉइज, टेक्सासच्या उबेतले. आदल्या दिवशी याच मैदानावर त्यांनी सराव केला तेव्हा हवा बरी होती, जमीन मऊ होती. रात्रीत थंडीची लाट आली. यजमान ग्रीन बे पॅकर्सनी मैदानाखाली विजेच्या तारांचं जाळं पुरून घेतलं होतं, ८० हजार डॉलर खर्चून, जमीन गोठू नये म्हणून. सकाळी वरची ताडपत्री काढली, खालचा ओलावा गार हवेला लागला आणि मैदानाचा काही भाग काचेचा झाला. आता त्या काचेवर यजमानही घसरतायत. थंडी घरच्यांना ओळखते असं तुम्ही गृहीत धरलं होतं. इथं तर ती कुणालाच ओळख देत नाहीये.

तुमची नजर एका पाहुण्या खेळाडूवर खिळते. बॉब हेज. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं सुवर्णपदक मिळवलेला, जगातला सगळ्यात वेगवान माणूस. त्याच्या पायांना थंडीनं काही झालेलं नाही. पण तो दोन्ही हात चड्डीत खुपसून उभा राहतो. काही वेळा हात बाहेर काढतो, काही वेळा नाही. दहा मिनिटांत तुमच्या लक्षात येतं. चेंडू त्याच्याकडे येणार असला तरच हात बाहेर येतात! खो-खोत पळणारी पोर बसलेल्या गड्याच्या खांद्याकडे बघून ओळखते, आता कोण उठणार. तशीच ही खूण आहे, आणि पॅकर्सच्या बचावपटूंनीही ती टिपलीय. त्याचे हात आत दिसले की ते त्याला सोडून दुसरीकडे धावतात. थंडीनं त्याचा वेग घेतला नाही, त्याचं गुपित घेतलं.

स्वतःचा एक हातमोजा काढून बघा. पहिलं मिनिट चटका. मग बोटं तुमची राहत नाहीत. शरीर छाती-पोटाची ऊब जपायला हातापायांतलं रक्त आवरून घेतं. मज्जातंतूंतून जाणारा निरोप मंदावतो. स्नायू एक अंशानं गार झाला तरी त्याचा जोर काही टक्क्यांनी उतरतो. पळणाऱ्याला हे फारसं जाणवत नाही, कारण काम करणारा स्नायू स्वतःच ऊब तयार करतो. मार बसतो तो थांबलेल्याला. आपली वेळ येईपर्यंत ज्याला उभं राहावं लागतं, आणि वेळ आली की पहिल्याच क्षणाला सगळं द्यावं लागतं, त्याला.

हे लक्षात आलं आणि तुम्हाला तुमचा खेळ आठवला. चौकोनात उकिडवं बसलेला गडी. ‘खो’ मिळाला की एका दमात उठून सुटायचं. सकाळच्या सत्रात तुमच्या पोरी ओरडतात, ‘सर, पाय उचलंनात!’ तुम्ही त्यांना आळशी म्हणत आलात.

सामन्यात इकडं यजमानांचे १४ गुण झाले होते, पाहुण्यांचा भोपळा. मग चेंडू यजमानांच्या बधिर हातांतून सुटला आणि पाहुण्यांनी तो उचलून गुण केले. पुन्हा चेंडू निसटला, पुन्हा पाहुण्यांचे गुण. शेवटच्या सत्राच्या पहिल्याच डावात डॅन रीव्ह्जनं लान्स रेंट्झेलला ५० यार्डांची फेक दिली आणि टेक्सासवाले १७-१४ नं पुढं गेले. उणे २५ मध्ये. ज्यांना थंडी बाधायची होती ते जिंकतायत! यजमानांकडं पाच मिनिटंही नाहीत. ते सरकत सरकत रेषेजवळ येतात. दोनदा चेंडू डॉनी अँडरसनच्या हातात देतात, दोनदा त्याचे पाय बर्फावर घसरतात. १६ सेकंद उरलेत. यजमानांचा बार्ट स्टार ठरवतो, चेंडू कुणाला द्यायचाच नाही. स्वतःच घुसतो. २१-१७.

सामना संपायला तेरा सेकंद उरले होते तोवर पाहुणे पुढं होते. गावोगाव मात्र पुढची पन्नास वर्षं सांगितलं जाईल की थंडीनं डॅलसला हरवलं.

एक उडी घेऊ, लहानशी. १० जानेवारी १९८२, सिनसिनाटी. उणे २३, वर वारं. पाहुणे सॅन डिएगोचे. यजमानांच्या आघाडीचे धिप्पाड गडी उघड्या दंडांनी मैदानात उतरतात, निव्वळ पाहुण्यांना दाखवायला. यजमानांचा प्रशिक्षक फॉरेस्ट ग्रेग ओळखीचा वाटतोय? चौदा वर्षांपूर्वी ग्रीन बेच्या त्या काचेवर तो पॅकर्सकडून खेळत होता. सॅन डिएगो २७-७ असं सपशेल हरतं. पण आठच दिवसांपूर्वी हाच संघ मायामीच्या दमट उकाड्यात जादा वेळेपर्यंत ताणलेला सामना ४१-३८ नं जिंकून आला होता. त्यातला दमवणारा उकाडा कुठं संपला आणि इथली थंडी कुठं सुरू झाली, हे वेगळं करून दाखवणारा हिशेब कुणाकडं असेल तर तुम्हाला बघायचाय.

आणि २० जानेवारी २००८, परत ग्रीन बे. उणे १८. यजमानांकडं अडतीस वर्षांचा ब्रेट फार्व्ह, थंडीतला वाघ म्हणून नावाजलेला. पाहुणे न्यूयॉर्कचे. त्यांच्या प्रशिक्षकाचे, टॉम कॉफलिनचे, गाल इतके लाल झालेत की तुम्हाला आईच्या मायेनं त्याला मफलर द्यावासा वाटतो. त्यांच्याच लॉरेन्स टाइन्सचं काम एकच, अधूनमधून येऊन लाथ मारायची. सगळ्यात जास्त वाट तोच पाहतो. शेवटच्या सत्रात त्याची लाथ दोनदा चुकते. जादा वेळेत फार्व्हची फेक न्यूयॉर्कवाले मध्येच पकडतात. या वेळी टाइन्स हुकमाची वाट न पाहता स्वतःच धावत मैदानात येतो आणि ४७ यार्डांवरून चेंडू खांबांमधून काढतो. २३-२०, पाहुणे विजयी.

आता घराजवळ या. ६ नोव्हेंबर २०१८, श्रीनगर. फुटबॉलच, पण पायानं खेळायचा. काश्मीर खोऱ्यात आय-लीग स्पर्धेचा पहिला सामना आणि पाहुणे कोण, तर गोव्याचे चर्चिल ब्रदर्स! दोन-तीन दिवसांपूर्वी खोऱ्यात हंगामाआधीच बर्फ पडून गेलंय. समुद्राच्या उबेत वाढलेल्या संघासमोर रियल काश्मीर आणि हिमालय, दोघेही. तुम्ही आता शहाणे झालात, पळणाऱ्यांकडे बघतच नाही. गोलरक्षकाकडे बघता. चेंडू दूर असला की तो जागच्या जागी उड्या मारतो, हात झटकतो. त्याला कुणी काही सांगायला नको. सामना शून्य-शून्य सुटतो. पाहुणे एक गुण घेऊन परततात, यजमानांच्या घरच्या पहिल्या सामन्यावर पाणी ओतून.

तुमच्या मनात मघापासून एक नाव घोळतंय आणि तुम्ही ते दाबून ठेवलंय. मराठी माणूस, उत्तरेची थंडी, परमुलूख. दाबू नका. उदगीरला फेब्रुवारी १७६० मध्ये निजामाला नमवून भाऊसाहेबांची फौज त्याच वर्षी उत्तरेला निघाली. लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, तोवर ते उदगीर तुमच्याच जिल्ह्यात होतं. नोव्हेंबरापासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत ती फौज पानिपतात अडकून पडली. रसद तुटलेली, अंगावर दख्खनचे कपडे, समोर कातडी कोट घातलेले अफगाण. खेळाशी त्याची बरोबरी करणं बरं दिसत नाही, आणि त्या मैदानावर उतरायचं धैर्य तुमच्यात नाही. इतकंच म्हणा की ती थंडीही लढाईच्या एका दिवसाची नव्हती. अडीच महिन्यांच्या मुक्कामाची होती.

पानिपतच्या अलीकडं, दिल्लीत उतरा. तारीख तीच, १४ जानेवारी, साल २०२५. संक्रांत. खिशात तिळगूळ. खो-खोचा पहिला विश्वचषक इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये चालू आहे. बाहेर धुकं, चहाच्या टपरीभोवती हात चोळणारी माणसं. आत मॅट, दिवे, गजर. भारताच्या मुली आज पहिला सामना खेळतायत, दक्षिण कोरियाशी. कप्तान प्रियंका इंगळे महाराष्ट्राची, आणि संघात अश्विनी शिंदे तुमच्या धाराशिवची. भारतीय म्हणून ती यजमान, पण दिल्लीच्या जानेवारीसमोर तीही पाहुणीच. तुम्ही तिच्याकडे बघता आणि तुम्हाला सारिका काळे आठवते. तीही धाराशिवचीच. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कप्तान होती आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

आजचा सामना भारत जिंकतो, १७५ विरुद्ध १८. कोरियाच्या मुली सोलच्या हिवाळ्यातून आल्यात, त्यांना दिल्लीची थंडी ती काय! पण त्या हा खेळ नुकत्या शिकतायत.

बाद फेरी सुरू झाली की तुम्ही वही काढता. १७ तारखेला उपांत्यपूर्व फेरीत भारत बांगलादेशला १०९-१६ नं हरवतो. १८ ला उपांत्य फेरीत समोर दक्षिण आफ्रिका. ही नोंद दोनदा अधोरेखित करा. त्यांच्याकडं जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. ऐन उन्हाळ्यातून दिल्लीच्या हिवाळ्यात उतरून त्या मुली शेवटच्या चार संघांत पोचल्या. भारताकडून ६६-१६ नं हरतात, तरी पोचल्या. छप्पर होतं आणि पाय गरम ठेवायला जागा होती, एवढ्यानं थंडीचा प्रश्न निम्मा मिटला. मग तुम्ही पळणाऱ्या मुलींवरून नजर काढून आत जायची वाट बघणाऱ्या तुकडीवर नेता. त्यांच्या पायांवर. गावाकडं सकाळच्या सत्रात तुमची दुसरी आणि तिसरी तुकडी काय करते? चवड्यांवर बसून पहिलीचा खेळ बघते. टाळ्या वाजवते. तुम्ही वहीत लिहिता, ‘तिसऱ्या तुकडीला बसू द्यायचं नाही.’ खाली आणखी एक ओळ, ‘सकाळी आठच्या आधी सामना लावायचा नाही.’ ही दुसरी ओळ मान्य होईल असं तुम्हाला वाटत नाही. वेळापत्रक तुमच्या हातात नसतं.

१९ जानेवारी, अंतिम सामना, समोर नेपाळ. भारत जिंकणार हे अर्ध्यातच दिसतंय, पण नेपाळी मुली सोडत नाहीत. शेवटी ७८-४०. बाद फेरीत भारताविरुद्ध याआधी कुणालाच सोळाच्या वर जाता आलं नव्हतं, त्यांनी चाळीस काढले.

शेजारी बसलेले सोलापूरकडचे काका शाल सावरत म्हणतात, ‘हिमालयातली माणसं ती. त्यांना थंडीचं काय!’

‘काका, आत कुठं थंडी हाय? आन् थंडीनं गुण मिळत असते तर कोरियाला का मिळाले नाहीत? नेपाळच्या पोरी लई दिवस झाले खो-खो खेळत्यात. चांगल्या खेळत्यात, म्हणून चाळीस.’

काकांना हे पटलेलं नाही. ते तुम्हाला तिळगूळ देतात आणि पुन्हा नेपाळच्या डोंगरांबद्दल बोलायला लागतात.