पाणचक्की आणि पवनचक्की

औरंगाबाद, म्हणजे २०२३ सालापासून ज्यास छत्रपति संभाजीनगर असें अधिकृत नांव मिळालें तें शहर, पाहावयास येणारा प्रवासी पाणचक्की पाहिल्यावांचून सहसा परत जात नाहीं. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं खडकी येथें नगर वसविलें आणि भूमिगत नहरांनीं त्यास पाणी पुरविलें. त्याच विद्येच्या परंपरेंत, शंभरांहून अधिक वर्षांनीं, बाबा शाह मुसाफर यांच्या दर्ग्यापाशीं ही चक्की उभी राहिली. डोंगराकडील झऱ्यांचें पाणी नळांतून कित्येक मैल आणावयाचें, तें उंच भिंतीवर चढवावयाचें, आणि तेथून खालीं सोडून त्याच्या धारेनें चक्र फिरवावयाचें, अशी ही साधी व शहाणपणाची योजना होती. दळलेलें पीठ दर्ग्यांतील फकिरांच्या व वाटसरूंच्या मुखीं जाई. निसर्गाच्या शक्तीस कामास जुंपण्याची कल्पना मराठवाड्यास परकी नाहीं, एवढें तर यावरून दिसतेंच. परंतु जेथें शक्ति उत्पन्न होई तेथेंच तिचें फळ वांटलें जाई, ही गोष्ट आम्हांस त्याहून अधिक महत्त्वाची वाटते.

आतां मराठवाड्यांत दुसरी चक्की आली आहे. बीड व धाराशिव या जिल्ह्यांतील बालाघाटाच्या पठारांवर शंभर मीटरांहून उंच मनोरे उभे राहिले असून त्यांचीं पातीं नैऋत्येच्या वाऱ्यानें फिरतात. लोक तिला पवनचक्की म्हणतात. पण ती कांहीं दळीत नाहीं. तिनें उत्पन्न केलेली वीज तारांवरून दूरच्या नगरांकडे जाते. ज्या शिवारांत ती उभी आहे तेथील कुणबी मात्र रस्ता, बांध, मोबदला व करारनामा यांविषयीं गाऱ्हाणीं घेऊन तहसील कचेरीच्या पायऱ्या चढतो. शहरांतील सुशिक्षितांना यांत केवळ अडाणीपणा किंवा पैशाचा लोभ दिसतो. हा ग्रह कितपत खरा आहे हें पाहावयाचें तर महाराष्ट्रांत वीज कोणत्या वाटेनें आली याचें थोडें स्मरण करावें लागेल.

पहिलें स्मरण मुळशीचें. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठीं टाटा कंपनीनें मुळा व निळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधण्याचें ठरविलें. त्याच्या पाण्याखालीं आंबेमोहोर भाताचीं खाचरें व सुमारें पन्नास गांवें जाणार होतीं. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याचें बळ सरकारनें कंपनीच्या पाठीशीं उभें केलें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळे कामाच्या जागीं जाऊन बसले आणि काम थांबलें. सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखालीं ही चळवळ तीन वर्षांहून अधिक काळ चालली. शेंकडों लोक तुरुंगांत गेले, आणि शेवटीं धरण झालेंच. या इतिहासांतील एक धडा फारसा सांगितला जात नाहीं. मुळशीच्या पुष्कळ जमिनी कागदोपत्रीं पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. मोबदल्याचा आंकडा वाढूं लागतांच त्यांचा विरोध सैल पडला, कारण त्यांना जमिनीची किंमत हवी होती. कसणाऱ्याला जमीनच हवी होती. ज्याच्या नांवावर कागद आहे आणि ज्याचें जीवित त्या जमिनीवर आहे, हे दोघे एकच असतील असें नाहीं. ही गोष्ट पुढें वाऱ्याच्या प्रकरणांतही पुनःपुनः आढळते.

वाऱ्यापासून वीज करण्याचा सार्वजनिक प्रयोग आपल्या राज्यांत १९८६ च्या सुमारास कोंकणकिनाऱ्यावर, देवगडच्या बाजूस झाला. त्याच्याच आदल्या वर्षीं ‘महाऊर्जा’ ही संस्था नोंदली गेली होती. परंतु खरी गर्दी झाली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस सातारा जिल्ह्यांत. पाटण तालुक्यांतील वनकुसवड्याचें पठार आणि ठोसेघरापलीकडील चाळकेवाडी येथें थोड्याच वर्षांत शेंकडों चक्रें उभीं राहिलीं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची शक्ति आठपट होते, म्हणून उघडीं उंच पठारें हींच या धंद्याचीं सोन्याचीं खाण होत. पण केवळ वाऱ्यानेंच हें भांडवल तेथें ओढून आणलें असें नव्हे. त्या काळांत आयकराच्या नियमांनुसार अशा यंत्राच्या किंमतीवर पहिल्याच वर्षीं शंभर टक्के घसारा मिळे, त्यामुळें ज्यांचा ऊर्जेशीं कांहीं संबंध नव्हता त्यांनींही कर वांचविण्यासाठीं चक्रें विकत घेतलीं. मालक शहरांत, यंत्र पठारावर आणि पठाराच्या माणसाकडे फार तर पहारेकऱ्याची नोकरी, अशी ही वांटणी होती.

पुढें २००३ च्या सुमारास माण, खटाव व सांगलीचा पूर्वभाग दुष्काळानें होरपळला, आणि पवनचक्क्या ढग पळवून लावतात अशी वार्ता गांवोगांव पसरली. शास्त्रदृष्ट्या हा समज टिकण्यासारखा नाहीं. त्या वेळच्या चक्रांचा व्याप जमिनीपासून शंभर मीटरांच्या आसपास संपे. पाऊस देणाऱ्या ढगांची घडण त्याहून पुष्कळ उंचीवर, शेंकडों मैल पसरलेल्या प्रवाहांनीं होते. शिवाय हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहेत आणि १९७२ च्या भयंकर दुष्काळांत तेथें एकही पवनचक्की नव्हती. तेव्हां समज खोटा होता, यांत शंका नाहीं. परंतु इतिहास लिहिणारानें एवढ्यावर थांबूं नये. समज कां उठला, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. ज्या यंत्राविषयीं गांवाला कोणीं विचारलें नाहीं, कोणीं समजावून सांगितलें नाहीं आणि ज्याच्या उत्पन्नांत गांवाचा वांटा नाहीं, त्या यंत्रावर संकटकाळीं गांवाचा संशय जाणें स्वाभाविक आहे. खोट्या समजुतीच्या पोटांत पुष्कळदां खरी तक्रार असते, आणि समजूत खोडून काढल्यानें ती तक्रार मिटत नाहीं.

ही तक्रार दोन ठिकाणीं स्पष्ट रूपानें पुढें आली. धुळे जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत वनजमिनीचा कांहीं भाग पवनप्रकल्पांकडे गेला. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ज्या आदिवासी कुटुंबांना कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क सांगण्याची वाट मोकळी झाली होती, तीच कुटुंबें या भागांत होतीं. पिढ्यान् पिढ्या नांगरणाऱ्याला पुरावे मागितले जातात आणि काल आलेल्या कंपनीला परवानगी मिळते, हा त्यांचा आक्षेप होता. दुसरें ठिकाण भीमाशंकरच्या दक्षिणेकडील खेड व मावळ तालुक्यांचे डोंगर. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटानें २०११ सालीं सादर केलेल्या अहवालांत येथील पवनप्रकल्पाची हकीकत दिली आहे. अवजड यंत्रें वर नेण्यासाठीं तीव्र उतारावर रस्ते कापले गेले, जंगल तुटलें, माती व दगड पावसाबरोबर खालच्या शेतांत व ओढ्यांत आले, आणि ज्या डोंगरावर लोक शतकानुशतकें जात होते तेथें जाण्यास त्यांना मज्जाव झाला. वाऱ्याची वीज धूर करीत नाहीं, हें खरें. पण तिचा मनोरा आकाशांत लोंबकळत नसतो, त्याला जमीन व रस्ता लागतोच.

असें असतां तिची आगाऊ चौकशी कां झाली नाहीं? १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात-मूल्यमापन अधिसूचनेच्या परिशिष्टांत पवनऊर्जेचा समावेश करण्यांत आला नाहीं. यामुळें औष्णिक केंद्रास किंवा मोठ्या खाणीस जी जाहीर जनसुनावणी घ्यावी लागते ती येथें अपरिहार्य राहिली नाहीं. २०१६ सालीं केंद्र सरकारनें मार्गदर्शक तत्त्वें काढून वस्तीपासून पांचशें मीटर अंतर राखावें असें सांगितलें. तें योग्यच झालें. परंतु अंतर मोजणें वेगळें आणि माणसाचें म्हणणें ऐकून घेणें वेगळें. तारांचीही तीच गत. २००३ च्या विद्युत् कायद्याच्या १६४ व्या कलमानें १८८५ च्या तारायंत्र कायद्यांतील अधिकार वीजवाहिनी उभारणाऱ्यास देण्याची सोय केली. त्यामुळें जमीन संपादन न करतां शेतांत खांब रोंवतां येतो आणि शेतकऱ्याच्या हातीं केवळ नुकसानभरपाईचा वाद उरतो. इंग्रजी अमदानींत तारायंत्राच्या तारा ओढण्यासाठीं केलेला नियम एकविसाव्या शतकांत मराठवाड्याच्या कपाशीवर व तुरीवर लागू झाला. वाऱ्याचा मुख्य हंगाम जून ते सप्टेंबर, आणि खरिपाचा हंगामही तोच. पावसांत काळ्या मातीवरून अवजड गाडी एकदां गेली कीं चर पडतो, बांध फुटतो, पाण्याची वाट बदलते. हें नुकसान करारनाम्याच्या कोणत्या कलमांत बसतें, हें पंचवीस-तीस वर्षांसाठीं सही करणाऱ्या शेतकऱ्यास सहीपूर्वीं कळणें अगत्याचें आहे.

उघड व कायदेशीर सुनावणी नसली म्हणजे ती जागा रिकामी राहत नाहीं. दलाल व दांडगे तिचा ताबा घेतात. ९ डिसेंबर २०२४ रोजीं बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांतील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचें अपहरण होऊन निर्घृण खून झाला आणि सबंध महाराष्ट्र हादरला. परिसरांत काम करणाऱ्या पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशीं या खुनाचा संबंध असल्याचा आरोप २०२५ सालीं दाखल झालेल्या आरोपपत्रांत करण्यांत आला. खऱ्या-खोट्याचा निवाडा न्यायालयानें करावयाचा आहे, त्यांत आम्ही शिरत नाहीं. परंतु ज्या व्यवहारांत कोट्यवधि रुपये गांवाच्या शिवेवर येतात आणि ज्याचा हिशेब ग्रामसभेपुढें मांडला जात नाहीं, त्याची काळी सावली किती लांब पडूं शकते, हें या घटनेनंतर कोणासही सांगावयास नको.

याचा अर्थ पवनचक्क्या नकोत असा कोणी घेऊं नये. त्याच बीड जिल्ह्यांतील परळीचें औष्णिक वीजकेंद्र २०१३ सालीं पाण्याच्या अभावीं बंद ठेवावें लागलें. कोळशाची वीज पाणी पिते. वाऱ्याची वीज पीत नाहीं. ज्या मुलखांत उन्हाळ्यांत माणसांना टँकरचें पाणी मोजून मिळतें, तेथें हा गुण लहान नव्हे. म्हणूनच हें काम विश्वासानें व्हावें, असें आम्हांस वाटतें.

तसें होऊं शकतें याला दाखले आहेत. डेन्मार्क देशांत आरंभींच्या पुष्कळ पवनचक्क्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सहकारी मंडळ्यांनीं उभारल्या. कोपनहेगनजवळच्या समुद्रांत २००० सालीं उभ्या राहिलेल्या वीस चक्रांपैकीं निम्मीं एका सहकारी संस्थेचीं होतीं. पुढें २००८ च्या कायद्यानें नव्या प्रकल्पाचा किमान वीस टक्के हिस्सा परिसरांतील रहिवाशांस देऊ करणें मालकावर बंधनकारक झालें. २०२० सालीं ती रीत बदलून रहिवाशांच्या लाभाच्या दुसऱ्या योजना आल्या. आपणांस हें शिकावयास डेन्मार्कला जाण्याचेंही कारण नाहीं. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं प्रवरेच्या कांठीं शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा करून दाखविला, त्यास पाऊण शतक झालें. उसाचा मालक कारखान्याचा भागीदार होऊं शकतो, तर वाऱ्याच्या शिवाराचा मालक चक्राचा भागीदार कां होऊं नये?

मराठवाड्याचें व धुळ्याचेंही गाऱ्हाणें शेवटीं संभाजीनगरच्या खंडपीठापुढें येतें. मराठवाड्याचे विभागीय आयुक्तही याच शहरीं बसतात. तेव्हां हा प्रश्न दूरच्या डोंगरांवरचा म्हणून या नगरीच्या सुशिक्षितांनीं डोळेझांक करणें शोभत नाहीं. करारनामा मराठींत असावा आणि सहीपूर्वीं ग्रामसभेंत वाचला जावा. रस्ता व बांध यांची दुरुस्ती कोणी व केव्हां करावयाची हें त्यांत लिहिलेलें असावें. कसणाऱ्याचा हक्क कागदवाल्याच्या हक्काबरोबर मोजला जावा. आणि उत्पन्नाचा कांहीं भाग गांवाच्या मालकीचा असावा. मुळशीच्या मावळ्यांना यांतील एकही गोष्ट मिळाली नाहीं. शंभर वर्षांनंतर बालाघाटच्या शेतकऱ्यास ती मिळते कीं नाहीं, यावर आपण त्या इतिहासापासून काय शिकलों हें ठरेल.