हुस्नी झईमला मान्यता कोणी आणि कशासाठी दिली?

३० मार्च १९४९च्या पहाटे दमास्कसमधल्या मोक्याच्या जागा लष्कराने ताब्यात घेतल्या. लष्करप्रमुख कर्नल हुस्नी अल-झईमने राष्ट्राध्यक्ष शुकरी अल-कुव्वतली आणि पंतप्रधान खालिद अल-अझ्म यांना कैद केले. फ्रेंच फौजा सीरिया सोडून गेल्या त्याला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. पॅलेस्टाइनच्या युद्धातल्या अपयशाची जखम ताजी होती, सैनिकांना निकृष्ट तूप पुरवल्याचे प्रकरण गाजत होते. त्यामुळे सुरुवातीला लोकांनी झईमचे स्वागतही केले.

आता प्रश्न आला जगापुढे. या राजवटीला मान्यता द्यायची की नाही?

उर्दू वर्तमानपत्रे मान्यतेला 'तस्लीम करना' म्हणतात, तर अरबीत शब्द आहे 'एतराफ'. उर्दूत एतराफ म्हणजे कबुली. खरे तर मान्यतेचा मूळ अर्थही तेवढाच. सत्ता यांच्या हातात आहे, एवढे कबूल. ती चांगली आहे असे नाही. अमेरिकेची त्या काळातली कसोटीही साधारण अशीच होती: देशावर ताबा आहे का, जनतेचा उघड विरोध नाही ना, आणि आधीचे आंतरराष्ट्रीय करार पाळले जातील का. कागदावर हे सारे तटस्थ वाटते. दमास्कसमध्ये मात्र प्रत्येकाने आपापला हिशेब मांडला.

बगदादच्या हाशिमी घराण्याला सीरिया आपल्याशी जोडून हवा होता. झईमने आधी इराकशी लष्करी कराराची बोलणी लावली. नूरी अल-सईद स्वतः दमास्कसला येऊन गेले. मग २१ एप्रिलला झईम गुपचूप इजिप्तला जाऊन राजा फारूकला भेटला, आणि पारडे फिरले. इजिप्त आणि सौदी अरेबियाने लगोलग मान्यता दिली. दमास्कसमध्ये कोण बसतो यापेक्षा ते बगदादच्या झोळीत जाऊ नये, याची त्यांना काळजी होती. दरम्यान, कैदेतल्या कुव्वतलींकडून सीरियन जनतेच्या नावे राजीनामा लिहून घेतला गेला होता. त्याने मान्यता देणाऱ्यांची कायदेशीर अडचणही बरीच हलकी झाली.

एप्रिल संपण्याआधी अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सही पुढे आले. अमेरिकेला सौदी तेल भूमध्य समुद्रापर्यंत नेणारी 'टॅपलाइन' सीरियातून न्यायची होती. सीरियन संसद या कराराला मंजुरी देत नव्हती. झईमने संसदच बरखास्त केली आणि मे महिन्यात स्वतःच्या अधिकारात करार मंजूर केला. फ्रान्सबरोबरचा चलन करारही मार्गी लागला. २० जुलैला इस्राएलशी युद्धविराम झाला. या बंडामागे अमेरिकेचा हात होता, असे सीआयएचे माइल्स कोपलंड यांनी पुढे लिहिले. तो किती होता यावर इतिहासकारांत वाद आहे. पण बंडानंतर कोणाला काय मिळाले, ते करारांच्या तारखाच सांगतात.

या सगळ्यात सीरियन माणसाला कोणी विचारले? जूनमध्ये सार्वमत झाले. उमेदवार एकटा झईम, मते ९९ टक्क्यांच्या वर! बाहेरच्या मान्यतेने त्याला घरात वजन मिळाले नाही, उलट बेफिकिरी मात्र वाढली. त्याने मार्शल ही पदवी घेतली. आश्रयाला आलेल्या अंतून सआदा या नेत्याला त्याने जुलैत लेबनॉनच्या हवाली केले, आणि ८ जुलैला तिथे त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. आसरा दिलेल्या माणसाला असे सोपवणे अरब समाजात किती लाजिरवाणे मानले जाते, हे वेगळे सांगायला नको. सैन्यातले सआदांचे चाहते तर खवळलेच.

१४ ऑगस्टला कर्नल सामी अल-हिन्नावीने उठाव केला. झईम आणि त्याचे पंतप्रधान मुहसिन अल-बराझी यांना त्याच पहाटे गोळ्या घातल्या गेल्या. राजवट १३७ दिवसांत संपली. राजधान्यांमध्ये पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा त्याच बैठका. डिसेंबरमध्ये अदीब शिशकलीने हिन्नावीलाही हटवले. एका वर्षात तीन उठाव.

टॅपलाइनचा करार मात्र कोणीच मोडला नाही. १९५०च्या अखेरीस सौदी तेल सीरियातून वाहत लेबनॉनच्या सैदा बंदरात पोहोचले, तेव्हा त्यावर सही करणाऱ्याला मरून वर्ष उलटले होते.