'यू वॉज' चूक कशी ठरली

इंग्रजीत आज समोर राजा असो की दारातला पोरगा, दोघांना एकच 'यू' चालतो. पूर्वी तसे नव्हते. एकाला 'दाऊ' म्हणत आणि अनेकांना 'यी'. 'यू' हे त्या 'यी'चे कर्माचे रूप. तेराव्या शतकापासून फ्रेंच रिवाजाच्या प्रभावाने मोठ्या माणसाला आदरार्थी बहुवचन लावू लागले. पुढे हा मान व्यापाऱ्यांपर्यंत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत पोचला आणि 'दाऊ' म्हणणे म्हणजे अरेतुरेवर येणे ठरले. 1603 साली राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी सर वॉल्टर रॅले यांना मुद्दाम 'दाऊ' लावले, आणि आपण तसे म्हणतो आहोत हे बोलूनही दाखवले.

या बदलाला आडवे आले ते क्वेकर पंथीय. माणूस एक, तर सर्वनामही एकवचनीच, असा त्यांचा हट्ट. जॉर्ज फॉक्स आणि सहकाऱ्यांनी 1660 मध्ये त्यासाठी अनेक भाषांतले दाखले देणारे पुस्तकच काढले. व्याकरण त्यांच्या बाजूने होते, पण लोकांना तो उद्धटपणा वाटे. 'दाऊ' रोजच्या बोलण्यातून गेला तो गेलाच.

मग नवी पंचाईत आली. 'यू' म्हणजे एक की अनेक? बोलणाऱ्यांनीच तोड काढली: एकाला 'यू वॉज', अनेकांना 'यू वेअर'. सोय चांगली होती आणि अठराव्या शतकात शिकलेली माणसेही तसे लिहीत. रॉबर्ट लोथ हे पुढे लंडनचे बिशप झालेले पंडित. त्यांनी 1762 च्या आपल्या व्याकरणात ही घोडचूक ठरवली. ज्यांच्या लेखनात ती सापडली ते मात्र नामांकित लेखक होते! एकट्यासाठी 'यू' वापरणे हीसुद्धा कधीकाळची चूकच होती, पण ती रुळलेली असल्यामुळे लोथना खटकली नाही. वर्षभर आधी, 1761 मध्ये, जोसेफ प्रीस्टली यांचे व्याकरण निघाले होते. त्यांच्या लेखी भाषेचा खरा निकष वापर हाच. अमेरिकेत नोआ वेब्स्टर यांनी 1789 मध्ये 'यू वॉज'ची उघड बाजू घेतली.

शाळांत मात्र चालले लिंडली मरे यांचे 1795 चे व्याकरण. त्यात लोथकडून घेतलेले बरेच होते, आणि अटलांटिकच्या दोन्ही काठांवर त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. एकोणिसाव्या शतकात 'यू वॉज' सुशिक्षितांच्या लेखनातून हद्दपार झाले. लंडनच्या कामगार वस्त्यांत ते आजही ऐकू येते. वापर निर्णायक खरा, पण कोणाचा? जॉर्ज कॅम्बेल यांनी 1776 मध्येच उत्तर देऊन ठेवले होते: प्रतिष्ठितांचा, देशभर चालणारा आणि चालू काळातला.

एक-अनेकाची ती अडचण अजून आहेच. अमेरिकेच्या दक्षिणेत अनेकांना 'यॉल' म्हणतात, डब्लिन-लिव्हरपूलकडे 'यूज'. निबंधात लिहिले, तर दोन्हींखाली लाल रेघ येते.