एकच आजार, दोन मात्रा

"हा दोन घेतो आणि तू नऊ? म्हणजे तुझं दुखणं जास्त आहे का रे?"

आईचा हा प्रश्न २००७ च्या डिसेंबरातला. मी मॅडिसनहून महिन्याभराच्या सुट्टीवर सांगलीला गेलो होतो. माझी मोठी बॅग मुंबईला आलीच नाही आणि माझ्या गोळ्या नेमक्या त्या बॅगेत! रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवावीत एवढी अक्कल त्यानंतर आली. आमच्या घराण्यात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा दोष आहे. रक्तातलं 'प्रोटीन एस' कमी. माझ्या पोटरीत गुठळी झाली ती २००६ साली, लांबच्या विमानप्रवासानंतर. धाकट्याला त्याआधी पायाला प्लॅस्टर असताना झाली होती. बाबा १९८९ साली पाय सुजून आणि मग अचानक धाप लागून गेले, त्याचं कारण आम्हाला असं सतरा वर्षांनी कळलं.

तर धाकटा म्हणाला, "दादा, माझ्यातल्या घे ना. आजार एकच, घराणं एकच."

मी रोज घ्यायचो वॉर्फरिन ९ मिलिग्रॅम, म्हणजे पाचाची एक पिवळसर गुलाबी गोळी आणि चाराची एक निळी. तो घ्यायचा एसिट्रॉम २ मिलिग्रॅम. मी त्याच्या साडेचार गोळ्या मोजायलाच बसलो होतो. नशीब, आधी डॉक्टरांना फोन लावला. ते जवळजवळ ओरडलेच. एसिट्रॉम म्हणजे ॲसेनोकुमॅरॉल, ते वॉर्फरिनचं भावंड असलं तरी वेगळं औषध आणि मिलिग्रॅमला मिलिग्रॅम ठेवलं तर बरंच जास्त जोरकस. त्यांनी आम्हा दोघांचं रक्त तपासायला लावलं. त्याचा आयएनआर २.४ आला, माझा २.३. डॉक्टर आईला म्हणाले, "वहिनी, मुलांची तुलना करायचीच असेल तर ह्या आकड्यांची करा. गोळ्यांची नको."

तिसऱ्या दिवशी बॅग आली आणि विषय संपला. पण आईने जाताना पुन्हा विचारलं, "पण असं का?" औषधं वेगळी, हे अर्धंच उत्तर होतं. त्याचं औषध दुप्पट जोरकस धरलं तरी माझी मात्रा त्याच्या दुपटीहून जास्त भरत होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. गंमत म्हणजे त्याची सुरुवात मी राहतो त्याच गावात झाली होती.

१९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंग कापलं, खच्ची केलं, की रक्त थांबायचंच नाही. फ्रँक स्कोफिल्ड ह्या कॅनडातल्या पशुवैद्याने शोधून काढलं, की हा 'स्वीट क्लोव्हर'च्या चाऱ्याचा प्रताप. लसूणघासाच्या जातकुळीतला हा चारा ओला राहून त्याला बुरशी लागली की विषारी होतो. पण त्यातलं नेमकं विष कोणतं, ते कळलं नव्हतं.

फेब्रुवारी १९३३ मधल्या एका शनिवारी एड कार्लसन नावाचा शेतकरी बर्फाच्या वादळात मॅडिसनला आला. गाडीत एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि तो खराब चारा. सरकारी पशुवैद्याचं ऑफिस बंद, म्हणून तो विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक ह्या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या दारात पोचला. लिंक त्याला इतकंच सांगू शकला, की हा चारा बंद कर आणि जमलं तर गुरांना दुसरं रक्त दे. शेतकरी हिरमुसून परत गेला. रक्ताचा कॅन मात्र प्रयोगशाळेत राहिला. त्या चाऱ्यातून विष वेगळं काढायला लिंकच्या माणसांना सहा वर्षं लागली. १९३९ च्या जूनमध्ये हॅरल्ड कॅम्पबेलच्या हाती शुद्ध स्फटिक आले. हेच डायकुमॅरॉल. थोड्याच वर्षांत ते माणसांना गुठळ्यांवर देऊ लागले.

पुढे लिंकने त्याच कुळातलं आणखी जोरकस रसायन निवडलं, तेही उंदरांसाठी! संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या 'विस्कॉन्सिन ॲलम्नाय रिसर्च फाउंडेशन'च्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं वॉर्फरिन आणि १९४८ साली ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं. १९५१ साली अमेरिकन सैन्यात नव्याने भरती झालेल्या एकाने जीव द्यायला तेच खाल्लं आणि रक्त व 'के' जीवनसत्त्व देऊन तो वाचला. उतारा हाताशी आहे म्हटल्यावर डॉक्टरांना धीर आला. १९५४ पासून ते माणसांचं औषध झालं आणि १९५५ साली हृदयविकाराच्या झटक्यानंतर खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांना दिलं गेलं.

पण मात्रेचा घोळ पहिल्यापासून होता. एकाला दिवसाला २ मिलिग्रॅम पुरतं, दुसऱ्याला १० लागतं. कमी पडलं तर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव. बरं, मोजायचं तरी कशाने? रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते पाहायचं, तर त्यासाठीचं रसायन प्रत्येक प्रयोगशाळेचं वेगळं. अमेरिकेतलं सशाच्या मेंदूपासून केलेलं रसायन ब्रिटनमधल्या मानवी मेंदूपासून केलेल्या रसायनाइतकं संवेदनशील नव्हतं. त्यामुळे कागदावर एकच आकडा दिसावा म्हणून अमेरिकन रुग्णांना जास्त औषध दिलं जात होतं! आम्हा इंजिनियरांच्या भाषेत, मीटर कॅलिब्रेट केलेलेच नव्हते. १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक रसायनाला संवेदनशीलतेचा आकडा लावून एकच मोजपट्टी ठरवली. तीच आयएनआर. निरोगी माणसाचा साधारण १, आमच्यासारख्यांचा २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा, मग तो सांगलीत मोजा नाहीतर मॅडिसनला.

मीटर सुधारला तरी माणसं वेगळीच राहिली. १९६४ साली अमेरिकेत असं एक कुटुंब नोंदलं गेलं, की ज्यातल्या रुग्णाला नेहमीच्या सुमारे वीसपट मात्रा लागत होती आणि हा गुण वंशपरंपरेने चालत आला होता. इकडे स्कॉटलंडमध्ये १९५८ साली वॉर्फरिन खाऊनही न मरणारे उंदीर सापडले होते. ह्या दोन गोष्टींचं नातं २००४ साली उलगडलं. आपलं यकृत रक्त गोठवणारी काही प्रथिनं बनवताना 'के' जीवनसत्त्व वापरतं आणि वापरलेलं पुन्हा ताजं करून घेतं. वॉर्फरिन अडवतं ते हे ताजं करणारं यंत्र. त्याचं जनुक व्हीकेओआरसी-१ त्या वर्षी सापडलं आणि त्यातलेच बिघाड औषधाला न जुमानणाऱ्या माणसांत आणि उंदरांतही दिसले. मात्र साध्यासुध्या माणसांतही ह्या जनुकाचे दोन प्रकार असतात. एकात यंत्रं कमी बनतात, म्हणून थोडं औषध पुरतं. दुसऱ्यात जास्त बनतात, म्हणून जास्त लागतं. शिवाय सीवायपी-२सी-९ हे दुसरं जनुक ठरवतं, की यकृत वॉर्फरिन किती झपाट्याने मोडून टाकतं. वय, वजन, इतर औषधं आणि पानातली भाजी आहेतच. (त्या सुट्टीत आईच्या हातची मेथी आणि पालक रोज हाणल्यावर माझा आयएनआर १.७ वर उतरला होता.)

आता जरा आपल्याबद्दल. वॉर्फरिनच्या अमेरिकन माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, की 'एशियन' रुग्णांना कमी मात्रेने सुरुवात करावी लागू शकते. २००९ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने काढलेल्या सूत्रातही 'एशियन' असं नोंदलं की मात्रा खाली येते. चिनी-जपानी लोकांसाठी हे ठीक, कारण कमी मात्रेचा प्रकार त्यांच्यातल्या बहुतेकांत असतो. पण भारतीयांत तो युरोपियनांपेक्षाही कमी आढळतो. सिंगापूरमध्ये चिनी, मलय आणि भारतीय रुग्णांची तुलना झाली, तेव्हा भारतीयांना जास्त मात्रा लागत असल्याचं दिसलं. मला इथे सुरुवातीला कमी मात्रा दिली होती आणि आयएनआर चढेपर्यंत पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत पोटात इंजेक्शनं टोचून घेताना मी फॉर्मवरच्या त्या 'एशियन'च्या चौकटीकडे निमूटपणे पाहिलं होतं. उलट बाजूही आहे. २०१३ साली जनुक पाहून मात्रा ठरवण्याचे दोन मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले. युरोपातल्यात फायदा दिसला, अमेरिकेतल्यात एकंदरीत दिसला नाही आणि त्यातल्या कृष्णवर्णीय रुग्णांचं तर त्या सूत्राने थोडं वाईटच झालं. आफ्रिकन वंशाच्या लोकांत आढळणारे काही प्रकार त्यात धरलेच नव्हते.

२०१० नंतर ठरावीक मात्रेच्या, आयएनआर न मोजाव्या लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्या. पण कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना अजून वॉर्फरिनच लागतं आणि मीही, सवयीने म्हणा, डॉक्टरांच्या संमतीने त्यावरच आहे.

मी २०१२ साली जनुकांची तपासणी करून घेतली. कमी मात्रेचा प्रकार माझ्यात नाही. भावाने अजून केलेली नाही, पण सख्ख्या भावांना एकच प्रकार मिळेल असं मुळीच नसतं. मुख्य म्हणजे आमचा आजार तिसऱ्या गुणसूत्रावरच्या जनुकातला आणि मात्रा ठरवणारी ती दोन जनुकं सोळाव्या आणि दहाव्यावरची. त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही! माझ्या नऊ मिलिग्रॅमवरून माझं दुखणं किती मोठं हे कळतच नाही.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे दुखणं ह्यांच्याकडून आलं आणि गोळीचा हिशेब आम्हा दोघांकडून."

बरोबर म्हणालो.

"ह्यांच्या वेळी हे रक्त मोजायचं कुणी सांगितलं असतं तर..." एवढं बोलून तिने विषय बदलला. आता दर महिन्याला ती आम्हा दोघांचे आयएनआर कॅलेंडरवर लिहून ठेवते. मिलिग्रॅम विचारायचं तिने सोडून दिलंय.