कंटेनरातील कंटेनर : लिनक्स प्रणालीतील अधिकार-विभाजनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मावळ तालुक्यात टाकवे बुद्रुक व टाकवे खुर्द अशी दोन गावे आहेत. मोठे व लहान या अर्थाच्या मूळ फारसी शब्दांनी महसुली व्यवहारातील नामसाधर्म्याचा गोंधळ टाळला. दोन्ही गावांत एकाच क्रमांकाचा गट असू शकतो. तालुका कचेरीत मात्र गावाच्या नावाशिवाय त्या क्रमांकास अर्थ नाही. गटाचे हिस्से पडतात, हिस्स्याचे पोटहिस्से पडतात. परंतु पोटहिस्सेदारास मूळ गटाबाहेरील जमिनीवर हक्क सांगता येत नाही. एका कंटेनरात दुसरा कंटेनर चालविताना संगणकशास्त्रापुढे हाच प्रश्न उभा राहतो. या तंत्राच्या वाटचालीचा आढावा घेऊन त्यासाठी लागणाऱ्या पूर्वतयारीचा अर्थ लावणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

एक यंत्र, अनेक वापरकर्ते

महागडे यंत्र अनेकांनी वाटून वापरावे ही निकड जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला तेव्हाही ती होती. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध केला, तेव्हाही यंत्र एक व गरजू अनेक अशीच स्थिती होती. वाटणी करताना एकाचे काम दुसऱ्यास दिसू नये, हा त्यातील कळीचा मुद्दा होय.

युनिक्समध्ये १९७९ साली आलेल्या ‘सीएचरूट’ने प्रक्रियेस दिसणारी फाइलव्यवस्था मर्यादित केली. २००० मध्ये फ्रीबीएसडीने ‘जेल’ आणले. लिनक्समध्ये २००२ पासून नेमस्पेसची उभारणी सुरू झाली. जानेवारी २००८ मधील २.६.२४ या कर्नेलमध्ये साधनांच्या वाटपावर अंकुश ठेवणारे ‘सीग्रुप’ समाविष्ट झाले. त्यापुढील आवृत्तीतील स्मृतिनियंत्रकाच्या निर्मितीत आयबीएमचे बलबीर सिंग या भारतीय अभियंत्याचा प्रमुख वाटा होता. नेमस्पेसने काय दिसावे हे ठरविले, सीग्रुपने किती मिळावे हे ठरविले. या दोहोंच्या संयोगातून कंटेनर साकारला. तो स्वतंत्र संगणक नव्हे, तर एकाच कर्नेलवर चालणाऱ्या प्रक्रियांभोवतीचे कुंपण होय.

सर्वाधिकाराची किल्ली

मार्च २०१३ मध्ये डॉकर प्रकाशात आले. कंटेनरात पुन्हा डॉकर चालविण्याची गरज लगेच भासली व त्याच वर्षी ‘प्रिव्हिलेज्ड’ हा पर्याय उपलब्ध झाला. सोय झाली, पण कुंपण नावापुरते उरले. असा कंटेनर यजमान संगणकाची डिस्कदेखील जोडून वाचू शकतो. डॉकरचे सॉकेट कंटेनरात देण्याचा दुसरा मार्ग रूढ झाला. त्यात आतले कंटेनर वस्तुतः बाहेरच्याचे अपत्य नसून भावंड असतात, आणि ज्याच्या हाती सॉकेट त्याच्या हाती यजमानाचे रूटपद जाते.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. महाविद्यालयाच्या एकाच सर्व्हरवर विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके व परीक्षा विभागाच्या गुणनोंदी असतील, तर शिकण्यासाठी दिलेला कंटेनर गुणनोंदींपर्यंतची वाट ठरू शकतो.

पूर्वतयारीचे स्वरूप

फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ या कर्नेलमध्ये यूझर नेमस्पेसची बांधणी पूर्णत्वास आली. आत शून्य क्रमांकाचा रूट असलेला वापरकर्ता बाहेर एक लाखाच्या पुढील क्रमांकाचा, अधिकारहीन वापरकर्ता असू शकतो. ही गुंफण ३२ पातळ्यांपर्यंतच करता येते. येथेच गटहिस्स्याचे साम्य प्रत्ययास येते.

पूर्वतयारीत तीन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली, क्रमांकांची. एका कंटेनरास सामान्यतः ६५,५३६ क्रमांक दिले जातात. आतल्यासही स्वतःचे तितकेच क्रमांक हवे असतील, तर बाहेरच्याच्या पदरी किमान १,३१,०७२ हवेत. कारण आपल्याकडे नसलेले कोणास देता येत नाही. दुसरी, साधनांची. २०१६ मध्ये स्थिरावलेल्या सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत वाटप करणाऱ्या मधल्या गटात प्रक्रिया ठेवता येत नाहीत. म्हणून बाहेरच्या कंटेनराच्या प्रक्रिया आधी एका उपगटात हलवून मगच पुढील वाटप करावे लागते. तिसरी, साठवणुकीची. ओव्हरले फाइलव्यवस्थेचा वरचा थर दुसऱ्या ओव्हरलेवर बसत नाही. त्यासाठी स्वतंत्र व्हॉल्यूम जोडावा लागतो. फेब्रुवारी २०२१ मधील ५.११ या कर्नेलपासून यूझर नेमस्पेसमधील सामान्य वापरकर्त्यासही ओव्हरले जोडता येऊ लागला.

निष्कर्ष

या इतिहासाची दिशा सर्वाधिकार बहाल करण्याकडून नेमका तेवढाच हिस्सा तोडून देण्याकडे आहे. डॉकरची रूटविरहित पद्धत २०१९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली व २०२० अखेरीस स्थिर ठरली. तथापि कर्नेल एकच राहत असल्याने त्यातील दोष सर्व कुंपणांना समान बाधतो. यूझर नेमस्पेसमुळे कर्नेलचा अधिक भाग सामान्य वापरकर्त्यासमोर उघडा पडतो, म्हणूनच उबंटूने २०२४ मधील २४.०४ या आवृत्तीत त्याच्या अनिर्बंध वापरावर मर्यादा घातली. सबब, प्रात्यक्षिकांसाठी रूटविरहित कंटेनर व गुणनोंदींसाठी वेगळे यंत्र, निदान वेगळे आभासी यंत्र, हा मार्ग महाविद्यालयांना श्रेयस्कर ठरेल. हिस्सा तोडून देताना मोजणी आधी व ताबा नंतर, हा महसुली शहाणपणा येथेही लागू पडतो.