अधिवेशनास आलेले पाहुणे आणि करवीर नगरी

कोल्हापुरात वर्षाकाठी कोणते ना कोणते अधिवेशन भरतच असते. कधी शिक्षकांचे, कधी डॉक्टरांचे, कधी साहित्यिकांचे, तर कधी एखाद्या समाजाच्या सभेचे. दोन दिवस ठराव, भाषणे आणि सत्कार होतात. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रतिनिधींना बसमध्ये बसवून स्थलदर्शनास नेण्यात येते. श्री अंबाबाईचे दर्शन, रंकाळ्याचा फेरफटका, न्यू पॅलेसमधील संग्रहालय, वेळ उरल्यास पन्हाळा आणि परतताना गुळाची खरेदी असा हा क्रम बहुधा ठरलेला असतो. चामड्याची वस्तू वर्ज्य मानणारे जैन पाहुणे चपलांच्या दुकानापुढून नुसतेच पुढे जातात, एवढाच काय तो फरक.

या क्रमात गैर काही नाही. अंबाबाईचे मंदिर पाहिल्यावाचून कोल्हापूर पाहिले असे कोणी म्हणणार नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा जानेवारीअखेर अधिवेशन असेल, तर मावळतीचे किरण देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचण्याचा किरणोत्सवही पाहुण्यांच्या दृष्टीस पडतो. पन्हाळ्याचा तर जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत जागतिक वारसा म्हणून समावेश झाला आहे. तथापि बाहेरगावच्या माणसांनी एकत्र येणे, त्यांना येथे आसरा मिळणे आणि त्यातून काही उभे राहणे, हाच या नगरीच्या इतिहासाचा एक मोठा धागा आहे. अधिवेशनासाठी आलेल्या पाहुण्याला नेमका तोच दाखविला जात नाही. आपला समाज तर या धाग्यात आरंभापासून गुंफला गेला आहे.

आरंभ करावयाचा तो पंचगंगेच्या काठावरून. ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. या टेकडीवर सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले आणि त्यांच्याबरोबर रोमन जगातून आलेल्या ब्राँझच्या वस्तूही सापडल्या. त्यांपैकी समुद्रदेव पोसायडनची लहानशी मूर्ती आज टाऊन हॉलमधील संग्रहालयात आहे. सह्याद्रीच्या घाटावर, समुद्रापासून एवढ्या दूर, सागराचा परदेशी देव कोणत्या व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून आला असेल, याची कल्पना करीत त्या काचपेटीपुढे पाच मिनिटे उभे राहणे हे दहा ठिकाणी धावत जाण्यापेक्षा अधिक फलदायी आहे. टाऊन हॉलची इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधली गेली. अबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांची चित्रेही तेथेच पाहावयास मिळतात.

यानंतरचा काळ शिलाहारांचा. कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतः श्री महालक्ष्मीचे उपासक होते, परंतु त्यांच्या राज्यात जिनालयांना उदार आश्रय मिळाला. गंडरादित्याच्या कारकिर्दीतील शके १०५८, म्हणजे इ. स. ११३५ चा कन्नड शिलालेख या दृष्टीने मोठा बोलका आहे. गंडरादित्याचा सामंत निंबदेव याने येथील कवडेगोल्ल नावाच्या पेठेत भगवान पार्श्वनाथांचे मंदिर बांधले. त्या मंदिराच्या खर्चासाठी कोल्हापूर, मिरज आणि अन्य पेठांतील वीर-बणंज व्यापारी एकत्र जमले आणि आपापल्या मालावर काही हिस्सा मंदिराकडे लावून दिला. हे दान रूपनारायण बसदीचे आचार्य श्रुतकीर्ती त्रैविद्य यांच्या हाती सोपविण्यात आले. निरनिराळ्या गावांचे प्रतिनिधी जमले, विचारविनिमय झाला, सर्वानुमते वर्गणी ठरली आणि ठराव दगडावर कोरून ठेवला गेला. आजच्या भाषेत यास अधिवेशन म्हणावयास हरकत नसावी. आपल्या आजच्या सभांचे ठराव नऊशे वर्षांनी कोणी वाचील की नाही, हा प्रश्न मात्र अलाहिदा.

याच रूपनारायण बसदीत माघनंदी सैद्धांतिकांसारखे आचार्य होऊन गेले आणि दूरदूरचे शिष्य त्यांच्याकडे अध्ययनास आले. दुसऱ्या भोजाच्या काळात, १२०५ मध्ये, सोमदेवांनी ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा व्याकरणग्रंथ आजऱ्याच्या जिनालयात बसून लिहिला. हे जिनालय गंडरादित्यानेच बांधलेले होते. आजरा आज घनसाळ तांदळासाठी ओळखला जातो. तेथे संस्कृत व्याकरणाचा ग्रंथ सिद्ध झाला, हे जिल्ह्यातील किती जणांस ठाऊक असेल?

पाहुण्यांच्या हाती पूर्ण दिवस असेल, तर त्यांना पूर्वेकडे न्यावे. कृष्णाकाठच्या खिद्रापूरला कोपेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी वर्तुळाकार उघडे ठेवलेले असून त्याखाली खांबांची वर्तुळे आहेत. माध्यान्ही वरून उतरणारा उजेड आणि सभोवतीच्या खांबांची सावली यांचा खेळ शब्दांत सांगता येण्याजोगा नाही. बहुतेक बसगाड्या हे मंदिर पाहून माघारी वळतात. त्याच गावात भगवान आदिनाथांचे प्राचीन जैन मंदिर आहे आणि ते न पाहताच पाहुणे परततात, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट होय. परतीच्या वाटेवर कुंभोजजवळील बाहुबली क्षेत्र आहे. प. पू. समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या क्षेत्री १९६३ मध्ये प्रतिष्ठापित झालेली भगवान बाहुबलींची २८ फूट उंच संगमरवरी मूर्ती आहे. शहरात शुक्रवार पेठेतील श्री लक्ष्मीसेन मठाचे दर्शन तर कोणत्याही सकाळी घेता येते.

आधुनिक कोल्हापूर हे राजर्षी शाहू छत्रपतींचे कोल्हापूर आहे. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ मध्ये स्तवनिधी क्षेत्री झाली आणि लगेच १९०१ मध्ये कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याच वर्षीचे. महाराजांच्या आश्रयाने पुढे मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा अनेक समाजांची वसतिगृहे निघाली आणि कोल्हापूर वसतिगृहांची जननी म्हणून ओळखले जाऊ लागले. खेड्यातील मुलास शहरात राहण्याची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय झाल्याखेरीज शाळा काढून उपयोग नाही, हे महाराजांनी ओळखले होते. दसरा चौकाच्या परिसरात उभे राहिले की या धोरणाच्या खुणा आजही दिसतात. जैन बोर्डिंगच्या जडणघडणीशी निगडित असलेले अण्णासाहेब लठ्ठे पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले. शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र त्यांनीच १९२४ मध्ये प्रसिद्ध केले.

याच बोर्डिंगमध्ये कुंभोज येथे जन्मलेला भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी होता. तेथील कडक शिस्त त्यांच्या बाणेदार स्वभावास मानवली नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ही गोष्ट आपल्या समारंभांतून सहसा सांगितली जात नाही. वस्तुतः ती सांगावयास हवी. याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एकाच पंक्तीत बसविणारे वसतिगृह उघडले. एका समाजापुरत्या दाराबाहेर पडलेल्या मुलाने सर्वांसाठी दार उघडले! त्या वसतिगृहास नाव मिळाले ते शाहू महाराजांचेच.

याच सुमारास, २१ व २२ मार्च १९२० रोजी, माणगाव येथे अस्पृश्य समाजाची परिषद झाली. अध्यक्षस्थानी २८ वर्षांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. शाहू महाराज स्वतः उपस्थित राहिले आणि तुम्हांला तुमचा नेता लाभला आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. ही परिषद भरविण्यात माणगावचे आप्पा दादागोंडा पाटील यांचा पुढाकार होता आणि ते जैन समाजातील होते. हातकणंगले तालुक्यातील हे गाव बाहुबलीस जाणाऱ्या पाहुण्यांच्या वाटेपासून फार दूर नाही. तरीही स्थलदर्शनाच्या पत्रिकेत माणगावचे नाव क्वचितच असते.

शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी युरोपास गेले असता त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले. परत आल्यावर त्यांनी खासबाग मैदान बांधविले आणि ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. हौदा मध्यभागी आणि भोवती वर चढत जाणारी बैठक अशी रचना असल्याने शेवटच्या रांगेतील शेतकऱ्यासही कुस्ती स्वच्छ दिसे. मैदानास लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले. प्रेक्षागारात मध्ये एकही खांब नाही. कोल्हापूरचे सुपुत्र, ‘ललितकलादर्श’चे संस्थापक केशवराव भोसले यांचे नाव पुढे त्यास देण्यात आले. १९२१ च्या जुलैत मुंबईस बालगंधर्वांसह त्यांनी केलेला ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, अवघ्या ३१ व्या वर्षी, ते निवर्तले.

कुस्तीचा हौदा आणि नाटकाचा रंगमंच एकमेकांस पाठ लावून उभे आहेत. कोल्हापूरचा स्वभाव समजण्यास यापरते दुसरे स्थळ नाही. येथील कलावंतांच्या आयुष्यांतही असाच मिलाफ दिसतो. उत्तरेतून आलेले उस्ताद अल्लादियाँ खाँ शाहू दरबारात गायक म्हणून राहिले आणि जयपूर घराण्याची गायकी येथे रुजली. त्यांचे पुत्र भूर्जी खाँ अंबाबाईच्या मंदिरात सेवा करीत. अबालाल रहमानांनी रंकाळा आणि कोटितीर्थ रंगविले. बाबूराव पेंटरांनी स्वदेशी कॅमेरा सिद्ध करून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्याच तालमीतील मंडळींनी १९२९ मध्ये येथे ‘प्रभात’ची स्थापना केली. या मंडळींपैकी व्ही. शांताराम यांचे वडील जैन होते. मराठीतील पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये कोल्हापुरातच तयार झाला. पुढच्या वर्षी ‘प्रभात’ पुण्यास गेली आणि कोल्हापूरकरांच्या मनात ती हळहळ कायम राहिली.

याहून मोठी हळहळ अलीकडची आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहास आग लागली. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. जयंतीस हार घेऊन यावयाचे त्या ठिकाणी कलावंत आणि रसिक राखेपुढे अश्रू ढाळीत उभे राहिले. छत, रंगमंच, प्रेक्षागार यांपैकी काही वाचले नाही. खासबागेच्या बाजूसही ज्वाळांची झळ पोहोचली. दगडी दर्शनी भाग तेवढा उभा राहिला. पुनर्बांधणीचे काम शासनाने व महानगरपालिकेने हाती घेतले. नवे बांधकाम जुन्या रूपाशी इमान राखून व्हावे, असा आग्रह रंगकर्मींनी धरला आणि तो सर्वथा योग्य होता. खांबाविना उभे असलेले ते प्रेक्षागार म्हणजे कोणासही आड न येणारी सभा होती.

अधिवेशनाच्या संयोजकांनी तिसऱ्या दिवशीची बस थोडी उशिरा सोडावी. सकाळी दसरा चौकातून पायीच निघावे. जैन बोर्डिंग, टाऊन हॉलमधील पोसायडन, पुढे ब्रह्मपुरीची टेकडी आणि पंचगंगेचा घाट हे सारे जवळ जवळ आहे. मग गावातून अंबाबाईचे दर्शन घेऊन खासबागेत यावे. आखाड्याच्या वरच्या पायरीवर बसले की समोर हौद्याची तांबडी माती दिसते आणि पाठीशी आगीतून वाचलेली नाट्यगृहाची दगडी भिंत असते.