बदल अर्ज (सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था)

महाराष्ट्रातील नोंदणीकृत न्यासाच्या विश्वस्तांत, पत्त्यात वा मिळकतीत बदल झाल्यास धर्मादाय कार्यालयात द्यावयाचा अर्ज. बोलीभाषेत 'चेंज रिपोर्ट'. आधार : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950, कलम 22. मुदत 90 दिवस; त्यानंतर विलंबमाफी मागावी लागते.

जुन्नर तालुक्यातील खोडदची जगाला ओळख महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे. पण अशा गावातल्या देवस्थानाच्या न्यासाला कागदासाठी सुमारे 80 किलोमीटरवरचे पुणेच गाठावे लागते. सभेची सूचना, इतिवृत्तातील ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे, दिवंगत विश्वस्ताचा मृत्यूचा दाखला, असा गठ्ठा सोबत लागतो. अर्ज मंजूर झाला की परिशिष्ट 1 मध्ये, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीत, नोंद होते. खरी गोम इथेच आहे. गावात नवे अध्यक्ष नारळ फोडून मोकळे होतात, या नोंदवहीच्या उताऱ्यावर मात्र वारलेलेच विश्वस्त राहतात. बँक सहीवर अडते आणि मागचे बदल नोंदलेले नसतील तर तेही उकरावे लागतात.

याखेरीज दरवर्षी हिशेबतपासणी (कलम 33, 34) असते. स्थावर विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी (कलम 36) लागते.